बाटायचं तर दोघांनी

मला शिकवायची खोड आहे. दिवसभर शाळेत जीवशास्त्र शिकवून भागत नाही, म्हणून संध्याकाळी घरमालकिणीलाही शिकवत बसते. या खोडीपायीच झाशीतल्या एका सोवळ्या मराठी घरात अळंबी शिरली. त्याचं पाप-पुण्य जे काय असेल ते माझ्या माथी.

खंडेराव गेटजवळ शारदाकाकूंच्या वरच्या दोन खोल्यांत मी भाड्यानं राहते. सांगलीहून बदलीवर आले, घर बघायला गेले, आणि दारात मराठी ऐकून भाडं न विचारताच हो म्हणून बसले. काकू सत्तरीच्या, ठेंगण्या. पण बडा बाजारात त्यांच्याबरोबर गेलं की मला मागून धावावं लागतं. त्यांच्या सासरची माणसं कित्येक पिढ्या इथली, पूर्वी पूजाअर्चा सांगणारी. काकूंचे यजमान श्रीकृष्णकाका मात्र कचेरीत जुने कागद सांभाळायचे. मागाल ती फाइल डोळे मिटून काढून देत, हे काकू भाजीवाल्यालाही सांगतात. आता काकांना सकाळचं दुपारी आठवत नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि याहून जास्त काही हातात नाही हेही सांगून टाकलं.

श्रावणात एकदा चहा पिता पिता मी सहज बोलून गेले. एर्गोथायोनीन नावाचा एक पदार्थ आहे. पेशींची झीज रोखायला तो मदत करत असावा. आपलं शरीर तो बनवत नाही, अन्नातूनच घ्यावा लागतो, आणि सगळ्यात जास्त अळंबीत असतो. शिजवला तरी फारसा नासत नाही. गंमत म्हणजे त्याला पेशीत ओढून घ्यायला शरीरानं वेगळा दरवाजाच ठेवलाय, म्हणजे त्याचं काहीतरी काम असणार. विसराळूपणा जडलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या रक्तात तो कमी आढळलाय.

काकूंनी कप खाली ठेवला. मी घाबरले. घाईघाईनं सांगितलं, की तो कमी झाला म्हणून विसर पडतो की आजारामुळे तो कमी होतो हे अजून कुणाला नक्की ठाऊक नाही, आणि खाल्ल्यानं गेलेली आठवण परत येते असं तर कुणीच सिद्ध केलेलं नाही.

"मी कुठे वापस मागतेय?" काकू म्हणाल्या. "जितकं आहे तितकं टिकलं तरी बहुत झालं."

पण त्या घरात अळंबी म्हणजे कुत्र्याची छत्री. कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बाहेर. मी सुचवलं, वाळवून पूड करा आणि आमटीत घाला, काकांना कळणारही नाही. त्यावर काकू अशा तापल्या की मला वर माझ्या खोलीत पळावंसं वाटलं. पन्नास वर्षांत ह्यांच्या ताटात ह्यांना न सांगता काही वाढलं नाही, आता ह्यांना आठवत नाही म्हणून फसवू का, असं त्यांनी मला खडसावलं. मग जरा शांत होऊन विचारलं, चातुर्मास संपेपर्यंत थांबलं तर चालेल ना. मी म्हटलं, विज्ञानाची काही हरकत नाही.

कार्तिकी एकादशी झाली. तुळशीचं लग्न लावून दुसऱ्याच दिवशी काकू रिक्षानं सीपरी बाजारात गेल्या आणि ढिंगरी अळंबी घेऊन आल्या. स्वयंपाकघरात नेली नाही. बाहेर व्हरांड्यात विजेची शेगडी मांडली, वेगळी कढई, वेगळा झारा. जिरं, मिरपूड घालून परतली. काकांनी ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुतीची शितं मांडेपर्यंत वाटी बाहेरच ठेवली. देवांच्या वाट्याला ती जायला नको. मग आणून समोर ठेवली आणि हे काय आहे ते सरळ सांगितलं.

काका म्हणाले, आपल्यात हे चालत नाही. काकूंनी माझा सगळा धडा त्यांना म्हणून दाखवला, दरवाजासकट. काका बराच वेळ वाटीकडे बघत राहिले. फाइल शोधताना असेच बघत असतील.

"तू खाणार?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही खाल्लंत तर."

"मग आण तुझी वाटी. बाटायचं तर दोघांनी बाटू."

दुसऱ्या दिवशी काका हे सगळं विसरले. पुन्हा आपल्यात चालत नाही, पुन्हा दरवाजा, पुन्हा दोघांनी बाटायचं ठरलं. तिसऱ्या दिवशीही तेच. मला वाटलं, काकू आठवड्यात कंटाळतील. त्या कंटाळल्या तर नाहीतच, उलट दहा वाजल्यापासून त्यांचं घड्याळाकडे लक्ष असायचं. काका एरवी गप्प बसून असत. या अर्ध्या तासात मात्र वाद घालत, वडिलांचे दाखले देत, हार मानत. मी चिडवायचे, तुमचं रोज नव्यानं लग्न ठरतंय. काकू चक्क लाजायच्या. मला त्यांचा हेवा वाटायचा, हेही सांगून टाकते.

माघातल्या एका रविवारी काकूंनी जिन्यातून हाक मारली. आज ह्यांनी विचारलंच नाही, सरळ खायला लागले, ह्यांच्या लक्षात राहिलं गं. मी दोन-दोन पायऱ्या गाळत खाली धावले. शास्त्र-बिस्त्र त्या क्षणी माझ्या डोक्यात नव्हतं, मला नुसता आनंद झाला होता.

काका शांतपणे जेवत होते. ताटाभोवती पाणी फिरवलेलं नव्हतं, चित्राहुतीची शितं नव्हती. वाटी आणायच्या गडबडीत सुटलेलं ते काकूंनीही तेव्हाच पाहिलं असावं. त्या खाली बसल्या.

"अहो," त्यांनी हळूच विचारलं, "ह्या छत्र्या. आपल्या घरी खात नाहीत ना?"

काकांचा घास हातातच राहिला. आधी काकूंकडे, मग माझ्याकडे बघितलं. चूक करताना पकडलेल्या पोरासारखा चेहरा झाला त्यांचा. "खात नाहीत?" ते म्हणाले. "मला कुणी सांगितलं नाही." घास परत ठेवून त्यांनी वाटी लांब सरकवली आणि बोटं धोतराला पुसायला लागले. पुसतच राहिले.

लक्षात राहिलं नव्हतं. होतं तेही गेलं होतं. नकार द्यायला जे घर आठवावं लागतं, ते घरच काकांच्या मनातून पुसलं गेलं होतं. मी काहीतरी बोलणार, एवढ्यात काकूंनी माझ्याकडे न बघताच हात वर करून मला थांबवलं.

त्यांनी काकांची बोटं आपल्या हातात घेतली, पदरानं पुसली, आणि वाटी पुन्हा ताटाजवळ आणली.

"खातो की," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे पहिल्यापासून खातात. मामंजींना तर फार आवडायची. मीच चुकून बोलले."

काकांनी त्यांच्याकडे बघितलं, खात्री करून घेतली, आणि पुन्हा जेवायला लागले.