क्लबातला चहा आणि आमची टेनिसची टीम

आमच्या कॉलेजच्या टेनिस टीमचा इतिहास सांगायला कोणी उभं राहिलं की तो सुरुवात गावातल्या क्लबापासून करतो. क्लबानं जाळी दिली, क्लबानं रॅकेटी दिल्या, क्लबाच्या मोठ्या लोकांनी पोरांना वळण लावलं. हे ऐकलं की अजूनही माझी कानशिलं तापतात. मी त्या टीममध्ये होतो. काय दिलं आणि काय घेतलं, ते मला ठाऊक आहे.

छप्पन साली माझे वडील नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. आल्याबरोबर त्यांनी गावकीची कामं सोडली आणि मला सांगितलं, शिकायचं आणि मान खाली घालायची नाही. पुढं काही वर्षांनी मी केळापूरकडून यवतमाळला कॉलेजात आलो. टेनिस म्हणजे काय, हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्याच वर्षी कॉलेजात नवे क्रीडाशिक्षक आले होते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला आपलीही टीम जावी, अशी त्यांची इच्छा. कोर्ट नव्हतं. मग आम्ही पोरांनीच वसतिगृहामागची जागा साफ केली, बैलगाडीनं मुरूम आणून टाकला, दगडी रोलर ओढला, वरून शेणानं सारवलं आणि चुन्याच्या रेघा मारल्या. सगळ्यात जास्त रोलर ओढला तो मी आणि माझ्या खोलीतल्या सोबत्यानं. तो दिग्रसकडच्या तांड्यावरचा, बंजाऱ्याचा पोरगा. डावखुरा, उंच, तोंडाचा फटकळ. मला तो ‘भिया’ म्हणायचा, म्हणजे त्यांच्या बोलीत भाऊ, आणि मीही त्याला भियाच म्हणू लागलो.

क्लबानं दिलं ते खरंच दिलं. सैल झालेल्या तारांच्या रॅकेटी आणि लव उडून गुळगुळीत झालेले चेंडू. त्यावर आम्ही शिकलो. दुसऱ्या वर्षापर्यंत माझी सर्व्हिस कॉलेजात कोणाला नीट परतवता येत नव्हती, कॅप्टनलाही नाही. कॅप्टन म्हणजे कापसाच्या जिनिंग कारखानदाराचा मुलगा. त्याची रॅकेट स्वतःची, पँट इस्त्रीची. पण खेळायला तो सरळ होता. चेंडू रेघेबाहेर गेला तर स्वतःच बाहेर म्हणायचा. डबल्सला मी आणि भिया, ही जोडी ठरलेली होती.

स्पर्धा अमरावतीला होती. निघायच्या आठवड्यात क्लबानं टीमला चहाला बोलावलं. माझ्या आईनं वडिलांच्या जुन्या धोतराचा सदरा शिवून पाठवला होता, तो घालून मी गेलो. व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या मांडल्या होत्या. क्लबाचे चिटणीस म्हणजे गावातले एक नावाजलेले वकील; ते प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवून चौकशी करत होते. नोकर ट्रे घेऊन आला. सगळ्यांपुढं चिनी मातीचे कप, बशीसकट. माझ्यापुढं त्यानं कड उडालेला, तामचिनीचा मग ठेवला.

मला आधी कळलंच नाही. वाटलं, कप कमी पडला असेल. मग ट्रेकडं पाहिलं, तर त्यात दोन कप उपडे होते.

भियाच्याही ते लक्षात आलं. तो मोठ्यानं म्हणाला, “वकीलसाहेब, याले काहून कप नाही दिला?”

वकीलसाहेब हसले. “अरे, आम्हाला काही नाही हो. आमच्या मनात असलं काही नसतं. पण भांडी घासणाऱ्या नोकरांची अडचण होते. समजून घ्यायचं.”

नोकर तिथंच उभा होता. त्यानं मान खाली घातली. आपला दोष साहेबांनी दुसऱ्याच्या अंगावर ढकलला, आणि तोही इतक्या गोड आवाजात! अस्पृश्यताबंदीचा कायदा झालेला होता आणि हा माणूस कोर्टात रोज कायदाच वाचत होता.

टीमबरोबर आलेल्या क्रीडाशिक्षक सरांकडं मी पाहिलं. ते बशीतलं बिस्किट मोडत होते. कॅप्टनकडं पाहिलं. त्यानं कप तोंडाला लावलेला होता.

भियानं आपला कप उचलला, व्हरांड्याच्या कडेला गेला आणि सगळा चहा जास्वंदीच्या बुडाशी ओतला. “चाल,” मला म्हणाला. “आपल्याले नाही पाहिजे.” आम्ही दोघं निघालो. वाटेत मी भराभर चालत राहिलो. थांबलो असतो तर रडलो असतो, आणि मला रडायचं नव्हतं. मला त्या व्हरांड्यातली एकेक खुर्ची मोडायची होती.

दुसऱ्या दिवशी सर खोलीवर आले.

“क्लबात जाऊन माफी मागा,” ते म्हणाले. “दोन वाक्यांचं काम आहे. नाहीतर ते चेंडू बंद करतील.”

“सर, कशाची माफी?” मी विचारलं.

“पाहुण्यानं असं उठून जायचं नसतं.”

“आन् पाहुण्याले असा मग द्याचा असते?” भिया म्हणाला.

सर चिडले नाहीत. ते नुसते दमल्यासारखे दिसले, आणि मला त्याचाच जास्त संताप आला. आम्ही माफी मागितली नाही. अमरावतीची एस.टी. आमच्यावाचून गेली. आमच्या जागी दोन नवखी पोरं नेली. टीम पहिल्याच फेरीत हरून परत आली.

एवढ्यावर कदाचित मी गप्प बसलो असतो. पण कॉलेजभर पसरलं की आम्ही दोघं ऐनवेळी घाबरून मागं राहिलो. हे प्राचार्यांना सांगणारे खुद्द सरच होते. ते ऐकलं तसा मी भियाला घेऊन थेट प्राचार्यांच्या खोलीत गेलो. सर आत बसलेलेच होते. मी सगळं सांगितलं, खुर्च्या, ट्रे, मग, माफी, सगळं. माझा आवाज चढला होता. चढू दिला.

प्राचार्य सरांना म्हणाले, “असं झालं का?”

“तसा काही हेतू नव्हता,” सर म्हणाले. “मुलांनी भलताच अर्थ घेतला.”

प्राचार्यांनी कॅप्टनला बोलावून घेतलं. तो दारात उभा राहिला. त्याच्या वडिलांची रोजची बैठक त्याच क्लबात होती, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मी मनाशी धरूनच चाललो होतो की हा खोटं बोलणार.

तो म्हणाला, “हो सर. सगळ्यांना कप होते, याला मग होता. मी पाहिलं. पाहूनही मी चहा प्यालो.”

 प्राचार्य म्हणाले, “झालं ते झालं. आता फार ताणू नका.”

म्हणजे ताणत होतो ते आम्ही! मी म्हटलं, “सर, टीम कोर्टावर निवडा, सगळ्यांसमोर. आणि पुन्हा टीमला त्या क्लबात नेऊ नका.” त्यांनी खिडकीबाहेर बघत मान डोलावली. वकीलसाहेबांना कोणी एका शब्दानं विचारलं नाही. सरांनाही नाही. कॅप्टन मात्र त्या दिवसापासून घरी शिव्या खात राहिला, असं त्याच्या धाकट्या भावाकडून कळलं. तो माझा मित्र कधी झाला नाही. पण त्याच्याबद्दल कोणी वाईट बोललं तर मी ऐकून घेत नसे.

क्लबानं चेंडू बंद केले. मग फाटलेले चेंडू आम्ही सायकलचं पंक्चर काढायच्या सोल्युशननं चिकटवून वापरले. ते कुठंही उसळायचे. बहुतेक त्यामुळंच आमच्या नजरा तयार झाल्या.

पुढच्या वर्षी निवड कोर्टावर झाली. अर्धं कॉलेज बघायला आलं होतं. मी आणि भिया सरळ निवडले गेलो आणि अमरावतीला गेलो. पहिली फेरी जिंकलो. शेवटचा गुण समोरच्यांच्या डोक्यावरून उंच मारलेल्या भियाच्या लॉबनं मिळाला आणि तो तिथंच कोर्टावर आपल्या बोलीत ओरडत नाचला. दुसऱ्या फेरीत नागपूरच्या पोरांशी गाठ पडली. अटीतटीची मॅच झाली आणि आम्ही हरलो.

परतीच्या एस.टी.त आमचं कडाक्याचं भांडण झालं.

“जाळीजवळचा तो चेंडू तुहा होता. सोडला काहून?” भिया म्हणाला.

“माहा कसा? डावीकडून गेलता. झोपला होता का तू?”

“मी झोपलो? आन् तू दोन डबल फॉल्ट केले ते?”

नेरपर्यंत आम्ही एकमेकांना शिव्या देत होतो. कंडक्टरनं दोनदा दटावलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मी निव्वळ खेळावरून, एका हुकलेल्या चेंडूवरून, दुसऱ्या कुठल्याही पोरासारखा चिडलो होतो. नेरला गाडी थांबली तेव्हा भिया खाली उतरला, भजी घेऊन आला, पुडा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, “खाय. पण चेंडू तुहाच होता.”