बघितलंस का ऐकलंस?

आमच्या कासारवाडीच्या गल्लीत कुणी काही सांगायला लागलं, की जमादार टोपी मागं सारायचे, एक डोळा बारीक करायचे आणि विचारायचे, "बघितलंस का ऐकलंस?"

सांगणारा तिथंच निम्मा व्हायचा. आपण दिवसभर जे सांगत फिरतो त्यातलं बरंचसं ऐकलेलंच असतं, हे तुम्हीही जाणता.

ते माझ्या शेजारच्या खोलीत राहायचे. मी बीडकडचा, पिंपरीच्या एका कंपनीत फिटर. ते पक्के मावळातले. रोज सकाळी नाशिक फाट्यावर एसटी पकडून चाकणच्या बाजूला एका पोलीस चौकीवर जायचे. एकदा नळावर माझ्या बायकोचं भांडण झालं. जमादार तिथंच पाणी भरत होते, म्हणून तिनं त्यांना साक्षीला बोलावलं. ते म्हणाले, "वहिनी, मी पाठमोरा हुतो. बादली आपटल्याचं ऐकलं. कुनी आपटली ते बघितलं न्हाई." बायको पुढं बरेच दिवस त्यांच्याशी बोलली नाही. त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. काकू हसून म्हणाल्या, "तुमचं काय घेऊन बसलाय! मला बघायला आले तवा घरी जाऊन सांगितलं, पोरगी सैपाक चांगला करती असं ऐकलंय, बघितली फकस्त चहा देताना."

सत्तर साल उलटून गेलं होतं. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याकडं परदेशातला एक राजा पाहुणा म्हणून आला. त्याच्या देशात तेल निघायचं. तो चाकणला मोठा कारखाना काढणार अशी हवा होती. रस्त्यावर कमानी उभ्या राहिल्या. आमच्या गल्लीत ज्याच्या घरी बिनकामाचं पोरगं होतं, त्यानं त्याला मनातल्या मनात त्या कारखान्यात चिकटवूनही टाकलं.

राजाला शिकारीची हौस. पुढारी त्याला चाकणपलीकडच्या टेकड्यांवर रानडुकराच्या मागं घेऊन गेला. वाट दाखवायला तिथल्याच गावातला किसन नावाचा माणूस होता. झुडपाआड काहीतरी हललं, बंदूक उडाली. झुडपाआड डुक्कर नव्हतं. मेंढरं राखणारा एक माणूस होता.

हे आणि पुढचं मी बघितलेलं नाही. जमादारांच्या तोंडून ऐकलेलं सांगतो.

मेंढपाळाला दवाखान्यात आणलं तेव्हा तो शुद्धीवर होता. जमादार त्याच्या खाटेशी उकिडवे बसले आणि त्यांनी नेहमीचाच सवाल केला. तो म्हणाला, "बघितलं. पाव्हन्या राजानं झाडली. किसन वरडत हुता, मानूस हाय, मानूस हाय." जमादारांनी तसंच लिहून त्याचा अंगठा घेतला. संध्याकाळच्या आत तो गेला.

दुसऱ्या दिवशी राजा विमानानं निघून गेला. साहेबांनी जमादारांना बोलावून घेतलं.

"जमादार, तो दुसऱ्या देशाचा राजा आहे. आपला कायदा त्याला लागत नाही. दिल्लीहून तसं कळवलंय."

"न्हाई तर न्हाई लागत, साहेब. पर गोळी तर लागली."

"माणूस मेलाय म्हटल्यावर कुणाला तरी कायदा लावावाच लागणार ना?" साहेब शांतपणे म्हणाले. "बंदूक किसनच्या हातात होती असं लिहा."

जमादारांनी तसं लिहिलं नाही, ते दुसऱ्या कुणीतरी लिहिलं. त्या रात्रीच्या आत किसन कोठडीत होता. त्याच्यासाठी दिल्लीहून कुणी काही कळवलं नव्हतं.

मग आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जीप उभी राहायला लागली. त्यातून सफारी घातलेला एक गृहस्थ उतरायचा. बोलायला फार गोड. काकूंकडं पाणी मागायचा, पायरीवर बसून प्यायचा, भांडं उपडं घालून ठेवायचा आणि विचारायचा, "जमादार परत कोणत्या एसटीनं येतात, वहिनी? फाट्यापासून चालतच येतात ना?" त्यानं कधी धमकी दिली नाही. पण तो दिसला की गल्लीतल्या बायका अंगणातली पोरं आत घ्यायच्या. हळूहळू जमादारांच्या दारासमोरून जायचंच लोकांनी सोडलं. ओट्यावर रोज पत्ते खेळणारा एक जण एवढंच म्हणाला, "जमादार, कारखाना येतोय राव. पोरांचं भलं होईल. कशाला आडवं येताय?"

"कारखाना बघितलास का ऐकलास?" जमादार म्हणाले. या वेळी कुणी हसलं नाही.

तालुक्याच्या कोर्टात खटला उभा राहिला. कंपनीला गुरुवारची सुट्टी होती, म्हणून मी त्यांच्याबरोबर गेलो. मेंढपाळाची जबानी फायलीत नव्हती. जमादारांनी किसनचं नाव घ्यावं, एवढ्यासाठीच सरकारनं त्यांना उभं केलं होतं. ते म्हणाले, "मेंढपाळानं मला सांगितलं, गोळी राजानं झाडली."

सरकारी वकील हसले. जमादारांची ख्याती त्यांच्याही कानावर गेली असावी. "तुम्ही हे बघितलंत का ऐकलंत, जमादार?"

कोर्टात हशा पिकला. जमादारांची मान खाली गेली. मला वाटलं, संपलं. मग त्यांनी हळूच वर पाहिलं. "ऐकलं, साहेब. पर मरनाऱ्याच्या तोंडून ऐकलं. त्याला कुनाच्या कारखान्यात कामाला लागायचं नव्हतं."

हशा थांबला. न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. ते म्हणाले, "त्या व्यक्तीचं नाव या कोर्टात घेता येणार नाही." आणि कारकुनाला सांगितलं, "राजा लिहू नका. 'तिसरा इसम' लिहा."

मागच्या बाकावर तो सफारीवाला बसला होता. साक्ष संपल्यावर त्यानं जमादारांना अगदी वाकून नमस्कार केला.

परतीच्या एसटीत जमादार खिडकीशी बसले होते. "भ्या वाटतंय, राव," ते म्हणाले. मी म्हटलं, मग नसता बोललात तर? ते बाहेरच्या कांद्याच्या गाड्यांकडं बघत म्हणाले, "बोलायचं न्हाई असंच ठरवून गेलो हुतो. तिथं किसनकडं बघितलं आन् दुसरं काय तोंडातनं निघंना."

आठवडा झाला नाही तोच बदलीचा हुकूम आला. राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, जंगलातलं ठाणं. एकट्यानं ताबडतोब हजर व्हायचं. मी कासारवाडी स्टेशनावर सोडायला गेलो. गाडी आली, तेव्हा त्यांच्या ट्रंकेला दुसऱ्याच कुणाचा तरी हात लागला. सफारीवाला होता. "द्या जमादार, मी घेतो. आम्हीपण तिकडंच चाललोय." जमादारांनी ट्रंकेची कडी धरलेला हात सोडला नाही. दोघांनी मिळूनच ती डब्यात चढवली. गाडी हलली तेव्हा जमादार माझ्याकडं बघत होते आणि तो जमादारांकडं.

त्यांचं पत्र आलं नाही. काकूंनी माझ्याकडून त्या ठाण्यावर पत्र लिहून घेतलं. उत्तर आलं, असा कुणी इसम येथे हजर झालेला नाही. चौकीवर विचारलं तर जो तो दुसऱ्याकडं बोट दाखवायचा. सफारीवाला मात्र पुढच्याच महिन्यात पुढाऱ्याच्या सभेत लोकांना जागा करून देताना मला दिसला.

किसन पुराव्याअभावी सुटला. गूळ आणि नारळ घेऊन तो जमादारांचे पाय धरायला आला. काकूंनी त्याला आत बसवलं, जेवू घातलं. तो एक घास घ्यायचा आणि रडायचा. काकू म्हणाल्या, "जेव बाबा. तू सुटलास एवढं तरी झालं."

कारखाना आला नाही. कमानींचे बांबू लोकांनी मांडवाला नेले.

पावसाळा सरता सरता दोन शिपाई गल्लीत आले. जमादारांच्याच हाताखालची पोरं. साहेबांची नोटीस दाराला चिकटवायची होती: विनापरवाना गैरहजर का राहिलात, खुलासा करावा. दोघांच्याही माना खाली होत्या. खळीचं डबडं हातात घेऊन ते तसेच उभे राहिले. काकूंनी नोटीस मला वाचायला लावली आणि दाराची चौकट धरून शेवटपर्यंत ऐकली.

"साहेबास्नी सांगा," त्या म्हणाल्या, "त्ये गैरहजर न्हाईत. त्ये डूटीवर गेल्यात. तुमीच धाडलंय."