टाकीमागचं नाणं

सांगा, एखाद्याची गोष्ट खरी वाटायला तुम्हाला त्याचं नाव कशाला हवं असतं?

प्रश्न माझा नाही, मॅडमचा आहे. हातातलं पेन कानामागे खोचायचं, समोरच्याकडे शांतपणे बघायचं आणि विचारायचं, "नाव कशाला हवंय?" कुरिअरवाल्यापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना हाच प्रश्न. कॉफीच्या दुकानात कपावर लिहायला पोरगा नाव विचारायचा, तेव्हा त्या दरवेळी वेगळं काहीतरी सांगायच्या. एकदा 'पावभाजी' सांगितलं. पोराने अदबीने हाक मारली, "पावभाजी जी!" आणि मॅडम तितक्याच अदबीने उठून गेल्या.

नवऱ्याची एअर फोर्समधली बदली झाली म्हणून त्या चंदीगडला आल्या. शहर त्यांना फार आवडायचं. "आमच्या सांगलीत गल्लीगल्लीला नाव. इथे वस्त्यांना नुसते नंबर. कुणाचा मोठेपणा मध्ये येत नाही."

चंदीगडला लागून असलेल्या मोहालीच्या नॉलेज सिटीतल्या आमच्या संस्थेत त्या संशोधन करायच्या आणि ते सोप्या भाषेत लिहून काढायची नोकरी मी करायचो. पहिल्याच दिवशी मी वहीत लिहिलं, 'गुप्त माहितीचे शास्त्र'. त्यांनी ते खोडलं. म्हणाल्या, "लाखो लोकांच्या माहितीतून गर्दीबद्दल सगळं कळावं आणि माणसाबद्दल काहीही कळू नये, अशी रीत शोधायची. एवढंच काम आहे."

मला ते भेकडपणाचं वाटलं. माझे वडील इचलकरंजीत कामगारांची पत्रकं लिहायचे. आमच्या फडताळात कागदाऐवजी पत्रकं, डब्याखाली पत्रकं. मी वाचायला शिकलो तेच 'धिक्कार' या शब्दावर. माणसाने छाती पुढे काढून नावानिशी बोलावं, असं माझं ठाम मत होतं. छाती बहुतेक वेळा दुसऱ्याची असायची, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

मी जवळच्याच खरड गावात राहायचो. माझ्या खालच्या मजल्यावर इंडस्ट्रियल एरियातल्या एका पॅकिंगच्या कारखान्यात काम करणाऱ्या बायका राहत. तिथला सुपरवायझर नको तिथे हात लावतो, हे जिन्यात कुजबुजलं जायचं. एका मुलीने मालकाकडे उघड तक्रार केली. दुसऱ्या दिवशी तिला फाटकावरूनच परत पाठवलं. सुपरवायझर तिथेच राहिला.

माझं रक्त उसळलं. मी पत्रक लिहिलं, 'भगिनींनो, वाचा फोडा!' खाली नावं आणि सह्या करायला भरपूर जागा सोडली आणि रविवारी सगळ्यांना गच्चीवर बोलावून भाषण ठोकलं. भाषण हिंदीत होतं, पण आवेश अस्सल इचलकरंजीचा. संपल्यावर त्यांच्यातली वयाने मोठी, चष्मेवाली बाई म्हणाली, "भाईसाब, पहले अपनी बहन का नाम लिखो ना."

एक सही मिळाली. माझीच.

सोमवारी मी मॅडमपुढे समाजाच्या भित्रेपणावर तोंडसुख घेतलं. त्यांनी पत्रक वाचलं, पेन कानामागे खोचलं.

"काय हो पत्रकवाले, नाव कशाला हवंय?"

"पुरावा नको, मॅडम?"

"किती जणींना त्रास होतो हे कळायला हवंय. कुणाला, ते कशाला?"

पुढच्या रविवारी त्या स्वतः खरडला आल्या. सोबत फक्त एक नाणं. बायकांना त्यांनी सांगितलं, एकेकीने पाण्याच्या टाकीमागे जायचं आणि नाणं उडवायचं. छापा पडला तर बाहेर येऊन 'हां' म्हणायचं, त्रास झालेला असो वा नसो. काटा पडला तर खरं काय ते सांगायचं. नाणं दुसऱ्या कुणीही बघायचं नाही. "तुम्ही 'हां' म्हटलंत तर ते तुम्ही म्हणालात की नाण्याने, हे मलाही कळणार नाही. पण निम्म्याजणी तर नाण्यामुळेच 'हां' म्हणतील. त्याहून खूप जास्त आल्या, तर कारखान्यात काय चाललंय ते कळेल."

"और पुलिस पूछे तो?" चष्मेवालीने विचारलं.

"तो बोलना, सिक्के से पूछो."

बायका हसल्या. माझ्या भाषणात एकदाही हसल्या नव्हत्या.

एकेक जण टाकीमागे जाऊ लागली. बाहेर येऊन 'हां' किंवा 'ना', आणि मॅडमच्या कागदावर एक रेघ. खेळ रंगात आला होता. तेवढ्यात एक लहानखुरी मुलगी बाहेर आली, 'हां' म्हणाली आणि तिला रडू फुटलं. तिचं 'हां' नाण्याचं नव्हतं, हे आता सगळ्यांना कळलं होतं. मॅडमचं पेन हवेतच थांबलं. त्यांचा चेहरा असा पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

चष्मेवाली उठली. टाकीमागे गेली. बाहेर आली ती डोळ्यांना ओढणी लावून. "हां." तिच्यानंतरची आली, तीही डोळे पुसत, आणि म्हणाली, "ना." मग प्रत्येक जण डोळे पुसतच येऊ लागली. कुणी टाकीच्या नळाखाली तोंड ओलं करून आली. ज्यांचं आधीच होऊन गेलं होतं, त्याही कठड्यापाशी बसून नाक ओढू लागल्या. शेवटी खरं कोण रडलं, ते सांगता येईना.

मॅडम पुटपुटल्या, "हे आमच्या एकाही रिसर्च पेपरात नाही रे."

'हां' निम्म्याहून कितीतरी जास्त निघाले. एवढी एकच गोष्ट एका कागदावर लिहून मी मालकाकडे पाठवली. खाली माझी सही ठोकली, शूर होतो ना.

मालकाने बोलावलं. मी तुरुंगाच्या तयारीने गेलो. त्यांनी छोले-भटुरे मागवले. पांढऱ्या दाढीचे, अगदी मोठ्या काकांसारखे. "बेटा जी, आप तो राइटर हो," ते म्हणाले, आणि मी खुर्चीत चार बोटं उंच झालो. "बस, एक नाम बता दो. बच्ची की भलाई के लिए."

वाचकहो, माझ्यासारखी पत्रकी माणसं तुम्हीही पाहिली असतील, म्हणून तुमच्यापासून काय लपवू? लस्सी आली तोवर मला ते फारच सज्जन वाटू लागले होते. मी मनात नाव शोधलं. मिळालं नाही. रडणाऱ्या त्या मुलीचा चेहरासुद्धा इतर ओढण्यांत हरवला होता.

"मुझे नहीं पता, जी."

"तो किसको पता है?"

"किसी को नहीं."

ते कागदाकडे बघत राहिले. एकीला काढता येतं. सणाच्या ऑर्डरी तोंडावर असताना सगळ्यांना कसं काढणार? आठवड्याभरात सुपरवायझरला गोडाऊनला पाठवलं आणि बायकांवर देखरेखीला एक बाई आली. मी लगेच 'विजय!' असं पत्रक लिहायला घेतलं. मॅडमनी विचारलं, "फाटकावरून परत पाठवलेली मुलगी आली का कामावर?" आली नव्हती. पत्रक तसंच राहिलं. मग मॅडमच चार ठिकाणी फोन करत बसल्या आणि तिला मोहालीत दुसरीकडे काम मिळालं. फोनवरही त्या एवढंच म्हणायच्या, "एक चांगली मुलगी आहे."

एकदा न राहवून मी विचारलं, "मॅडम, तुमचा माझ्यावर विश्वास नव्हता का?"

"होता की," त्या म्हणाल्या. "म्हणून तर तुझ्यावर ओझं टाकलं नाही. माहीतच नसलं, की शूर व्हावं लागत नाही."

पुढे नवऱ्याची बदली झाली आणि त्या गेल्या. त्यांच्या दारावरची पाटी पहिल्यापासून कोरीच होती. नव्या साहेबांनी ती सगळ्या पदव्यांनिशी भरून टाकली आहे. चष्मेवाली अजून जिन्यात भेटते. विचारते, "वो सिक्केवाली मैडम ठीक हैं ना?" नाव तिनेही कधी विचारलं नाही.

आता एक विनंती. मॅडम कोण, ते शोधत बसू नका. त्याऐवजी आज तुमच्या टेबलावर एखादं निवेदन, एखादी पाहणी, एखादं जळजळीत पत्रक पडलं असेल, ज्यात कुणाचं दुःख लिहायचं आहे, ते पुढे ओढा. त्यातला नावाचा रकाना बघा. पेन कानामागे खोचून स्वतःला तो एक प्रश्न विचारा. उत्तर सापडलं नाही, तर पेन काढा आणि तो रकाना खोडा.