जकातघराचा गिलावा

गवंडीकामात चाळीस वर्षं घालवलेल्या त्या म्हाताऱ्याला सगळे ‘ओळंबा’ म्हणत. भिंत असो की माणूस, तिरकं काही दिसलं की त्याची नजर तिथेच अडकायची. बायको गेल्यापासून तो थोरल्या लेकीकडे राहत होता.

नदीकाठच्या जुन्या जकातघराच्या जतनासाठी सरकारी अनुदान मंजूर झालं. अट एकच: मूळ भिंती चुन्याच्या, तर दुरुस्तीही चुन्यानेच, आणि ती जाणकार कारागिराच्या हातून. असा कारागीर आता हा एकटाच उरला होता. ठेकेदार घरी आला आणि काका, काका करत त्याने इतकं आर्जव केलं की म्हाताऱ्याच्या मनात पाल चुकचुकली.

कामावर रोज सकाळी तो चुना घोटायचा. मग थापी घेऊन भिंतीपाशी उभं राहायचं आणि ठेकेदाराच्या माणसाने फोटो काढायचा. दुपारी त्याला घरी धाडत. दहा दिवस झाले, हौदातला चुना बोटभरही उतरला नाही. गिलावा मात्र मागच्या भिंतीपर्यंत पोचला होता.

अकराव्या दिवशी मजूर जेवायला बसले असताना तो परांचीवर चढला आणि खिळ्याने गिलावा खरवडला. वरून चुन्याचा पातळ पांढरा हात दिलेला, आत राखाडी सिमेंट.

घरी त्याने हे सांगितल्यावर, सिमेंटने काय बिघडतं, असं लेकीने विचारलं.

“ओल आत कोंडते, दगड भुसभुशीत होतो,” तो म्हणाला. “आणि फोटोत मी आहे. उद्या भिंत ढासळली की नाव माझं.”

तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला सांगा, असं लेकीने सुचवलं. पण अधिकारी बाई उतरल्या त्या ठेकेदाराच्याच गाडीतून. म्हाताऱ्याने काय ते ओळखलं. तरीही त्यांना मागच्या भिंतीशी नेऊन त्याने एक टवका काढून दाखवला. बाई काही बोलल्या नाहीत. टवका रुमालात गुंडाळून त्यांनी पर्समध्ये टाकला आणि ठेकेदाराशी हसून बोलत निघून गेल्या.

“पुरावाही गेला,” तो लेकीला म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून त्याला कामावर येऊ नका म्हणून निरोप आला.

तीन आठवड्यांनी जकातघराच्या दाराला नोटीस लागली: काम बंद, अनुदान रोखलं. आलेला निधी म्हाताऱ्याने घालवला, असं लोक बोलू लागले. शेजारचा दुकानदार तोंड फिरवायचा. म्हाताऱ्याला आता स्वतःच्याच शहाणपणाची शंका येऊ लागली.

मग एका दुपारी बाई बसने आल्या, एकट्याच. ठेकेदाराला काढून टाकलं होतं आणि उरलेलं काम खातं स्वतः करून घेणार होतं.

“त्या दिवशी तिथे बोलले असते, तर तो टवका प्रयोगशाळेपर्यंत पोचला नसता,” त्या म्हणाल्या. “सिमेंट उतरवायला तुम्हाला किती दिवस लागतील?”

म्हाताऱ्याने विचारलं, “फोटो काढणार?”

“काम झाल्यावर. भिंतीचे.”

त्याने आदेशाचा कागद मागून घेतला. लेकीकडून दोनदा वाचून घेतला, शिक्का उजेडात धरून पाहिला. दुसऱ्या दिवशी दोघं बापलेक छिन्नी-हातोडा घेऊन गेले. सिमेंट सहजी सुटत नव्हतं. काही ठिकाणी त्याच्याबरोबर दगडाचे कपचेही आले, आणि तेवढे कोपरे कायमचे गेले. हिवाळा संपेपर्यंत बाकीच्या भिंतीवर पुन्हा चुन्याचा गिलावा चढला.