दगडूची दारू आणि आम्ही सगळे

गवताच्या वखारीत दोन गोष्टी कोणी न आणता साठतात. एक धूळ आणि दुसरे किस्से. धूळ निदान झाडता तरी येते! नेरळच्या वखारीत मी कारकून होतो. शेठ कच्छी, म्हणून कारकुनाला सगळे 'म्हेताजी' म्हणत. माझं आडनाव कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि कोणाचं काही अडलंही नाही. लढाईचे दिवस. मुंबईच्या तबेल्यांना आणि पलटणीच्या घोड्यांना गवत पुरवता पुरवता आमची कंबर मोडायची. पण आज गवताचं नाही सांगत. दगडूची दारू सोडवायला आम्ही काय काय उद्योग केले, ते सांगतो.

दगडू आमच्या प्रेसवरचा गडी. गवत असं दाबायचा की गठ्ठ्यात बोट शिरायचं नाही. दिवसभर देवमाणूस! दिवेलागणीला मात्र त्याचे पाय आपोआप गुत्त्याकडे वळायचे.

एकदा त्याची पोरगी चिमी तापाने फणफणली. येसूने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याला औषध आणायला पाठवलं. दगडू उगवला तो दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर, आणि रिकाम्या हाताने. पोर वाचली ती शेजारणींच्या जिवावर. ताप उतरल्यावर येसूने पोरीला काखोटीला मारलं आणि सरळ कळंबची, म्हणजे माहेरची, वाट धरली. जाताना म्हणाली, "दारू सुटली म्हंजी न्यायाला या. तवर त्या दारात तुमचं त्वांड दाकवू नका."

मला त्याचा भयंकर राग आला होता, खोटं कशाला बोलू! पण हा सहा फुटी गडी प्रेसमध्ये उभा राहून हुंदके देत गवत तुडवतोय, हे बघवेना. म्हणाला, "म्हेताजी, कायतरी औषिद सांगा. पोरीबिगर घर खायाला उठतंय."

मी फायनलपर्यंत, म्हणजे सातवीपर्यंत, शिकलेला. तेव्हा जगातलं सगळं मला ठाऊक असणार, अशी वखारीची खात्री होती.

*

पहिली स्वारी खालापूरच्या वैद्यबुवांकडे. गाडी कोंडाजीची. कोंडाजी म्हणजे आमचा जुना गाडीवान, दगडूचा जिवलग आणि गावच्या सगळ्या भानगडींचा वकील.

वैद्यबुवांनी नाडी बघितली, जीभ बघितली आणि एक काळाकुट्ट काढा दिला. "रोज सांजच्याला घ्यायचा. वर दारू घेतलीत तर उलटी झालीच म्हणून समजा. आठवड्यात दारूचं नाव काढणार नाहीत!"

आठवड्याने बघतो तर दगडू गुत्त्याच्या ओट्यावर! मी खवळलो. "अरे, काढा घेतोस का नाही?"

"घेतो की! एक दिस चुकवला नाय."

"मग दारूने उलटी होत नाही?"

"दारूनं कशाला व्हईल? काढ्यानं व्हते! त्यो निस्ता घशाखाली गेला की आतडी त्वांडात येत्यात. मंग त्वांडाची चव बदलाया हितं यावं लागतं. आधी एकांदा दिस तरी खाडा व्हायचा, आता काढ्यापायी रोजचं झालं!"

काढा बंद केला.

*

मग कोंडाजीने डोकं चालवलं. "मानसाच्या औषिदानं काय व्हत नाय. राखणदाराम्होरं आण घ्यायची. देवाला घाबरंल."

डोंगराच्या पायथ्याशी आमच्या राखणदाराचं ठाण आहे. शेंदूर फासलेला दगड, वर छप्परही नाही. राखणदार मोठा कडक. त्याचा मानही ठरलेला: नारळ, कोंबडा आणि एक बाटली. वाडवडिलांपासून चालत आलेलं. त्यात आमच्यापैकी कोणालाही काही वावगं वाटलं नाही, हे विशेष!

तिथल्या भगताने दगडूला नारळावर हात ठेवायला लावला. दगडू डोळे मिटून म्हणाला, "देवा, आजपास्नं थेंब शिवनार नाय." कोंडाजीने डोळे पुसले. मलाही भरून आलं.

मग भगताने बाटली उघडली, चार थेंब दगडावर शिंपडले आणि उरलेलं तीर्थ वाटायला घेतलं. पहिला मान अर्थात आण घेणाऱ्याचा! दगडू भगताने पुढे केलेल्या बाटलीकडे बघतच राहिला. "भगत, आत्ता तर आण घेतली!"

"आण देवाम्होरं घेतली. परसाद देवाचा. परसाद नाय म्हनशील तर कोप व्हईल."

"आन परसाद घेतला तर?"

भगत विचारात पडला. एवढ्या वर्षांत त्याला हे कोणी विचारलंच नव्हतं. तेवढ्यात कोंडाजी पुढे सरसावला. "ह्यात काय आवघाड हाय रं? आजचा परसाद घे. आण उद्यापास्नं धर!"

आण घेऊन मोडायला आम्हाला ठाणाची पायरीही उतरावी लागली नाही.

*

शेवटी म्हटलं, शास्त्राला शरण जावं. कर्जतला एक इंग्रजी शिकलेले डॉक्टर होते. त्यांच्या भिंतीवर दोन यकृतांची रंगीत चित्रं टांगलेली. डॉक्टर छडीने दाखवायला लागले. "हे न पिणाऱ्याचं लिव्हर आणि हे पिणाऱ्याचं."

कोंडाजी जवळ जाऊन निरखून बघत म्हणाला, "ह्ये दुसरं जास्त शिजलंय."

डॉक्टर हसले नाहीत. दगडूला म्हणाले, "बाबा रे, मन कशात तरी गुंतव. माणसाला एखादा छंद असावा."

"हाय की छंद! त्योच सोडाया आलोय."

आता मात्र डॉक्टर छडी टाकून खुर्चीत बसले आणि पोट धरून हसले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "याला देण्याजोगं बाटलीतलं औषध माझ्याकडे नाही. संध्याकाळ झाली की याला एकटं सोडू नका, एवढंच सांगतो. बोलत बसा. चुकला तर मारू नका, हाकलू नका." फीसुद्धा घेतली नाही. कोंडाजी परतताना सगळा रस्ता कुरकुरत होता, "सुई न्हाय, गोळी न्हाय, कसला डागदर!"

*

झालं! दिवेलागणीला दगडूजवळ बसायच्या पाळ्या लागल्या. माझ्या पाळीला मी पेपर वाचून दाखवायचो. रशियात कुठलं शहर पडलं, कुठलं उठलं, सगळं. दोन दिवसांत दगडू म्हणाला, "म्हेताजी, त्या बिचाऱ्यांची घरं पडत्यात आन आपन च्या पितोय. काळीज हालतं वो. दुसरं कायतरी वाचा." मग आम्ही जाहिराती वाचायला लागलो. केसांच्या तेलाची त्याला फार आवडायची.

कोंडाजीच्या पाळीला विषय एकच: बैल. कुठल्या बाजारात घेतला, शिंग कसं होतं, त्याच्या आईचं दूध किती. तिसऱ्या दिवशी दगडू हात जोडून माझ्याकडे. "कोंडाजीला नका धाडू. चांगला न पिनारा मानूस बी त्याच्या बैलापायी पियाला लागंल!"

आणि एका संध्याकाळी तर कहर! मी सहज डोकावलो, तर दगडूने कोंडाजीला पाठीवर घेतलेलं आणि त्याच्या घराकडे चाललेला. कोंडाजी पाळीवर येण्याआधी वाटेत गुत्त्यावर 'दम खायला' थांबला होता. दुसऱ्या दिवशी मी कोंडाजीला झापलं तर मलाच म्हणतो कसा, "मी शुद्धीत असतो तर त्यानं मला घरी पोचवलं असतं व्हय? किती जबाबदारीनं वागाया लागलाय बगा!"



*

शिमग्याला दगडू घसरला. होळीभोवती बोंबा मारता मारता कधी सटकला, कोणाला कळलंच नाही. सकाळी वखार उघडायला गेलो तर दाराशी बसलेला. डोळे लाल.

"म्हेताजी, काल घेतली."

मी विचारलं नव्हतं. कोणीच विचारलं नव्हतं. आजवर पकडला गेला तरी 'नाय' म्हणणारा हा गडी, स्वतःच्या पायाने येऊन सांगत होता! मला त्या क्षणी त्याचा जेवढा आनंद झाला, तेवढा शिमगा कोरडा गेला असता तरी झाला नसता.

आमचे शेठ तसे कनवाळू. म्हणाले, "अरे म्हेताजी, आज याला सुट्टी आपी दे. घरी जाऊन आराम करू दे."

दगडूने शेठचे पाय धरले. "सुट्टी नको शेठ! पायजे तर दोन गड्यांचं काम सांगा, पर सुट्टी देऊ नका!"

*

वैशाखात येसूच्या भावाचं लग्न निघालं. जावयाला वगळायचं म्हणजे गावात नाचक्की, म्हणून कळंबहून दगडूला बोलावणं आलं. जावं की न जावं, यावर त्याने आमची डोकी खाल्ली. शेवटी मी आणि कोंडाजी त्याला गाडीत घालून हळदीला घेऊन गेलो.

आता तिकडची रीत अशी. हळद लागली की मोहाची दारू येते, आणि पहिला पेला सासऱ्याच्या हातून जावयाला. तो जावयाचा मान. त्याने घेतल्याशिवाय मांडवात कोणाचे ओठ भिजायचे नाहीत. हे मला तिथे बसल्यावर कळलं. कोंडाजीला आधीपासून माहीत होतं, पण "बोललो असतो तर तुमी आलाच नसता," म्हणे!

सासरा म्हणजे भरघोस मिशांचा, तापट माणूस. पितळेचा पेला काठोकाठ भरून तो दगडूसमोर उभा राहिला. वाजंत्री थांबली. सगळा मांडव दगडूकडे बघत होता. नाही म्हणावं तर सासऱ्याचा भर मांडवात अपमान, सोयरीकच तुटायची. हो म्हणावं तर ओटीवर चिमीला कडेवर घेऊन येसू उभी होती. तिची नजर दगडूवरून हलत नव्हती.

दगडूने दोन्ही हातांनी पेला घेतला आणि कपाळाला लावला. सासऱ्याच्या मिशा सैल झाल्या. गेला, म्हटलं, सगळं गेलं!

दगडू उठला. पेला तसाच धरून, एक थेंब न सांडता, बायकांच्या घोळक्यातून वाट काढत ओटीपाशी गेला. "येसू, मी ह्या घरचा जावई तुज्यामुळं. मान तुजा हाय. धर."

येसूने पेल्याकडे बघितलं. बापाकडे बघितलं. मग चिमीला दगडूच्या हातात दिलं, पेला घेतला, आणि सगळ्या मांडवादेखत एका दमात रिकामा केला!

"अगं बया बया!" म्हाताऱ्या ओरडल्या. येसूला असा ठसका लागला की डोळ्यांतून घळाघळा पाणी. तिने पदराने तोंड पुसलं आणि पेला बापाच्या हातात उपडा ठेवला. "मान पोचला, बा. आता वाढा सगळ्यांस्नी." मग कोंडाजीकडे वळून म्हणाली, "भावजी, उद्या लगीन उरकलं की माजं गठुडं गाडीत टाका."

सासरा पेल्याकडे बघत उभा. वाजंत्रीवाल्यांना वाजवावं की नाही, कळेना. येसू चिमीला परत घ्यायला दगडूपुढे झाली, तर तो पोरीला छातीशी धरून दोन पावलं मागे सरला.

"थांब गं. पोरीला आत्ता नको घेऊ. त्वांडाला वास येतोय तुज्या!"