आयुब शिकलगाराच्या दुकानातली तलवार

नळदुर्गात किल्ल्याच्या उतरणीला आयुब शिकलगाराचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, भाता, ऐरण आणि धार लावायचं चाक. हायवेवर मोडणाऱ्या ट्रकांचे कमानपाटे आणून तो त्यांचे ऊसतोडीचे कोयते घडवायचा. पण त्याचं खानदान कोयत्यांचं नव्हतं. किल्ल्यात शिपायांची शिबंदी होती तेव्हा तिच्या तलवारींना धार आणि झळाळी द्यायचं काम या घराकडं होतं. आडनाव त्यातूनच आलेलं.

बाप भात्याशी बसून सांगायचा आणि आयुब ऐकत मोठा झाला. इथल्या उन्हात अंगभर लोखंड घालणारा शिपाई लढायच्या आधीच भाजून निघेल, म्हणून चिलखतात कापसाचे थर भरायचे आणि लोखंड फक्त छाती-खांद्यापुरतं ठेवायचे. पोलाद तेलंगणातून वडीसारख्या गोळ्यांत यायचं. लोहार ते मंद आचेवर, दमानं ठोकायचे. आच जास्त झाली की गोळ्याचा चुरा व्हायचा. समुद्रापलीकडून आलेल्या लांब पात्यांनासुद्धा मूठ मात्र इथलीच लागायची, अन् ती खिळ्यानं नव्हे, लाखेनं बसवायची.

"का, ठाव हाय?" बाप विचारायचा. "लाख थोडी दबती. घाव बसला की झटका ती पिती, मनगटाला देत न्हाय."

हे सगळं शिकून आयुबच्या हाती खरीखुरी तलवार यायची ती वर्षातून एकदा, खंडेनवमीच्या शस्त्रपूजेआधी. जवळच्या गावातले बलभीम पाटील आपल्या घराण्याची तलवार घेऊन यायचे. जुनं पोलाद होतं. आयुब ती चाकाला कधीच लावत नसे. बारीक राखेनं घासायचा, मग लिंबाच्या रसात हिराकसाचे हिरवट खडे कालवून पात्यावरून फिरवायचा. हळूहळू पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी वर यायची. तिला तो जौहर म्हणायचा. दर वर्षी बघूनही दोघं दर वर्षी पात्यावर वाकायचे.

"आयुबभाई, आमच्या घरात हिची पूजा हुती, पण हिला वळखता तुमीच," पाटील म्हणायचे. तलवार दुकानात सोडून ते कधी गेले नाहीत. काम संपेपर्यंत बाकड्यावर बसून राहायचे आणि स्वतःच्या हातानं फडक्यात गुंडाळून न्यायचे.

ते पाटील एका उन्हाळ्यात अचानक वारले. त्या साली दसऱ्याच्या तोंडावर तलवार घेऊन आला त्यांचा मुलगा उत्कर्ष. त्याला जिल्हा परिषदेला उभं राहायचं होतं आणि फोन कानाचा सुटत नव्हता.

"चाचा, मूठ हलायलीय. आईनं नीट करून आणायला सांगितलंय."

"लाख बदलावी लागंल. निवू द्यावी लागती. बस की जरा."

"ठेवा हितंच. नेतो नंतर."

तो गेला. आयुबनं मूठ काढली, जुनी लाख खरवडली, आणि पातं फडक्यावर ठेवलं.

त्याच दिवसांत गावात एका फलकावरून दोन गटांत दगडफेक झाली. पोलीस घराघरांत शिरू लागले. आयुबच्या शेडमध्ये आले तेव्हा निखाऱ्यावर लाख वितळत होती.

"हे काय?" साहेबांनी पात्याकडं बोट केलं.

"पाटलांची तलवार हाय, साहेब. पूजेची. मूठ बसवायला आलीय. उत्कर्षला इचारा, फोन लावा."

साहेबांनी खरंच फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. आयुबला हायसं वाटलं. पलीकडून उत्कर्षचा आवाज आला. आधी अडखळला, मग अगदी साफ बोलला. दगडफेकीच्या प्रकरणात नाव आलं तर त्याची निवडणूक बुडाली असती.

"आमची तलवार घरात हाय, साहेब. देवघरातली वस्तू बाहेर कशाला जाईल? फोटो धाडू का?"

फोटो आला. तुळजापुरातल्या दुकानात शोभेसाठी टांगतात आणि सत्काराला देतात तसली ती चकचकीत स्टीलची तलवार होती, लाल मखमलीच्या म्यानातली. आयुब त्या फोटोकडं बघत असतानाच त्याला पोलिसांनी गाडीत बसवलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा फोटो छापून आला. समोर टेबलावर ती तलवार आणि तिच्या दोन्ही बाजूंना रांगेनं मांडलेले त्याचे ऊसतोडीचे कोयते. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, शस्त्रसाठा सापडला.

खरं काय ते ठाण्यात सांगा, असं विनवायला त्याची बायको हमिदाबी पाटलांच्या वाड्यावर गेली. बलभीमरावांची बायको सत्यभामाबाई तिला चांगली ओळखत होती. उंबऱ्याशी त्यांच्या चपला होत्या, आतून बांगड्या वाजल्या, पण दारात आलेली सून म्हणाली, "सासूबाई तुळजापूरला देवाला गेल्यात." हमिदाबी उन्हात उभी राहिली, आणि मग परत आली.

आयुब जामिनावर सुटला तरी खटला वर्षानुवर्षं चालला. गिऱ्हाईक तुटलं. ज्यांच्या हातात त्यानं घडवलेले कोयते होते तेही धार लावायला दुसरीकडं जाऊ लागले. मुलगा आरिफ पुण्याला निघून गेला आणि तिथं आडनाव विचारलं तर शेख सांगू लागला. हे कळलं त्या दिवशी आयुब जेवला नाही.

शेवटी जप्तीचे पंच साक्षीत फिरले आणि आयुब निर्दोष सुटला. निकालाच्या दिवशी तलवार कोर्टात टेबलावर होती. कुठल्याशा ओलसर खोलीत पडून तिला पापुद्रे सुटले होते आणि पातं गुंडाळलेल्या कापडाला चिकटलं होतं. मुद्देमाल नष्ट करण्याचा हुकूम झाला. आयुबच्या जिभेवर शब्द आले होते, पण बोलणार काय? माझी म्हणावं तर गुन्हा कबूल केल्यासारखं. पाटलांची म्हणावं तर ऐकणार कोण? बाहेर आल्यावर वकील म्हणाले, "आता हसा की हो, सुटलात." आयुबनं त्यांना हात जोडले आणि बसस्टँडकडं चालू लागला.

उत्कर्ष निवडून आला होता, पुढच्या वेळी पडलाही. पाटलांच्या घरात भाऊबंदकी माजली. एका दुपारी सत्यभामाबाई स्वतः दुकानात आल्या. थकल्या होत्या. आयुबनं बाकडं पुसून दिलं. त्याला वाटलं, आता तरी बाई काही बोलतील.

"आयुबभाई, घराचं लई वाईट चाललंय," त्या म्हणाल्या. "देवरुषी म्हणतोय, घराण्याची तलवार पूजेला पायजे. ती कुठं हाय? सोडवून आणता येईल का?"

आयुबनं हातातली कात्री खाली ठेवली. मग म्हणाला, "गॅसनं कापली, वहिनी. तुकडे करून भंगारात घातली."

सत्यभामाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि त्या हमसून रडू लागल्या. तलवारीसाठी. आयुबच्या तुरुंगाबद्दल, दुकानाबद्दल, आरिफबद्दल त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. आतून हमिदाबी आली, पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं ठेवून परत गेली.

"हे असते तर असं झालं नसतं," बाई म्हणाल्या.

"न्हाय झालं असतं," आयुब म्हणाला. "पाटलांनी ठाण्यात येऊन सांगितलं असतं, तलवार माझी हाय म्हणून. पण ते नव्हते, वहिनी. तुमी व्हता."

बाईंनी पाणी तसंच ठेवलं आणि उठून गेल्या. आयुबनं तांब्यातलं पाणी चाकाखालच्या भांड्यात ओतलं आणि समोर पडलेली कात्री धारेला घेतली.