पाण्याचा धनी

आरोळी देण्याआधी तो उजव्या हाताने कानाची पाळी धरायचा, वर आभाळाकडे बघायचा आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायचा. मग चांदीच्या मुठीची काठी जमिनीवर आपटायची आणि त्या काटकुळ्या छातीतून आवाज निघायचा, "होशियार! बाअदब! सरकारची सवारी येती हो!" माझ्या दुकानातल्या तागडीची पारडी त्या आवाजाने हलायची, असं मी गिऱ्हाइकांना सांगत असे. थोडं वाढवून सांगत असे, पण अगदीच खोटं नव्हतं.

एकदा मी त्याला विचारलं, "चोपदार, आधी कसला मंत्र म्हणता हो?"

"मंत्र न्हाई, आप्पा. मालकाची माफी मागून घेतो. आता मानसाची लई तारीफ करायची असती ना, म्हनून आधीच."

त्याचा मालक म्हणजे वरचा. गढीतल्या जहागीरदारांना तो सरकार म्हणायचा. त्याच्या तोंडात या दोन शब्दांची कधी अदलाबदल झाली नाही.

युसूफ वडगावच्या बाजाराला जाणारी वाट आमच्या वेशीवरून जायची. वेशीच्या आत गढी, आणि गढीच्या दरवाजासमोर माझं किराण्याचं दुकान. राज्य निजामाचं. तालुक्याचा साहेब वर्षाकाठी एखादा फेरा मारायचा. बाकी आमचं बरंवाईट सगळं गढीतून ठरायचं. सरकार बाहेर पडायचे तेव्हा पुढे हा चोपदार, आणि मी गल्ल्यावर बसल्या बसल्या सगळं बघणारा. बघण्याची मला खोडच आहे. तुम्हालाही असेल, नाहीतर हे वाचायला बसला नसता.

तुम्ही त्याला नुसतं बोलताना ऐकलं असतं तर हाच तो माणूस यावर विश्वास ठेवला नसता. एरवी तो इतका हळू बोलायचा की आमची मंडळी कितीतरी दिवस त्याला मुका समजत होती. गूळ मागायला आला की मला गल्ल्यावरून वाकावं लागायचं.

"अहो, जरा मोठ्यानं बोला की. मी काय चोरीचा माल विकतो का?"

"आवाज सरकारी हाय, आप्पा. खासगीत वापरायचा न्हाई."

हे तो गंमत म्हणून सांगायचा की मनापासून, ते मला अजून कळलेलं नाही. त्याला मूलबाळ नव्हतं. गढीच्या भिंतीला लागून एक खोली होती, तिथे तो आणि त्याची बायको राहायची. सवारी निघाली की ती पिठाच्या हातानेच दारात येऊन उभी राहायची. आरोळी संपली की आजूबाजूला बघायची, कुणी कुणी ऐकली ते. मग आत जायची.

थोरले सरकार दिलदार होते. उन्हाळ्यात ते स्वतःच म्हणायचे, "चोपदार, आवर लवकर, डोकं तापलं." ते वारले आणि हैदराबादेहून शिकून आलेले धाकटे सरकार गादीवर बसले. त्यांना थाट आवडायचा. दर सणाला त्यांच्या नावामागे एक नवा किताब चिकटायचा. शेरदिल झालं, समशेरबहाद्दर झालं, गरीबपरवर झालं. पुढे पुढे ती माळ इतकी लांबली की सरकार देवळात पोचून घंटा वाजवायचे आणि चोपदार बाहेर अजून समशेरीपाशीच असायचा.

मी त्याची फिरकी घ्यायचो. "काय हो, तुमचे सरकार लहानपणी मांजर आडवं गेलं तरी रडायचे, आणि आता शेर?"

"म्हनू द्या की, आप्पा. शेर कुटं तक्रार करतो?"

मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला. आडांचे तळ दिसले. सरकारांनी गावाच्या वरच्या अंगाला तलाव बांधायला काढला. खरं सांगायचं तर काम चांगलं होतं. पण बांधलं कुणी? वेठीला धरलेल्या माणसांनी. अर्धपोटी बायाबापड्यांनी पाट्या वाहिल्या आणि त्यातलीच बरीच कुटुंबं मग तलावाच्या खाली झोपड्या घालून राहिली. तिला आम्ही खालची वस्ती म्हणायला लागलो.

तिसऱ्या वर्षी पाऊस झाला आणि तलाव भरला. सरकार रोज घोड्यावरून बघायला जायचे. जास्तीचं पाणी निघून जायला सांडवा ठेवला होता, तो त्यांनी दगडमातीने बुजवून टाकला. गवंडी नको म्हणत होता. त्याला ते म्हणाले, "माझं पाणी माझ्या हुकमाशिवाय शिवेबाहेर जाणार नाही." हे वाक्य गवंड्याने माझ्या दुकानात येऊन सांगितलं आणि नुसता डोकं धरून बसला.

तलावाच्या पूजेचा दिवस ठरला. त्या दिवशी पुकारायचा नवा किताबही ठरला. पाण्याचा धनी, पावसाचा मालक.

आदल्या दिवशी चोपदार माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. गूळ घेतला नाही, तंबाखू घेतली नाही. म्हणाला, "आप्पा, हे न्हाई जमायचं."

"का? इतके सगळे म्हटले, त्यात आणखी एक. माफी दोनदा मागा."

"शेर म्हनलं तर लोकं हसत्यात. हसू द्या. पर हे म्हनलं तर खरं मानतील. दोन वरसं लोकांनी पानी पानी केलंय. उद्या पोरगं आजारी पडलं, पाऊस गेला, की गढीच्या उंबऱ्यावर डोकं घासतील. अन् त्यांना हे कुनी सांगितलं? म्या."

"नोकरी जाईल. खोली जाईल. बायकोला घेऊन कुठे जाणार?"

"तिला विचारलं म्या. ती म्हनली, तुमचं तोंड हाय, तुमी बगा."

मला त्याचा राग आला. मी व्यापारी माणूस. एका शब्दासाठी कुणी घर मोडतं का, असं मी त्याला चांगलं झाडून सांगितलं. तो ऐकून घेऊन उठला.

पूजेला सगळा गाव बांधावर लोटला होता. सरकार जरीच्या अंगरख्यात उभे. चोपदाराने कान धरला, वर बघितलं आणि एकेक किताब पुकारायला सुरुवात केली. शेर झाला, समशेर झाली, गरीबपरवर झालं. आणि तो थांबला. आधी आम्हाला वाटलं, दम घेतोय.

"पुढे?" सरकार म्हणाले.

तो वळला आणि आपल्या त्या घरगुती, बारीक आवाजात म्हणाला, "सरकार, तलाव बांधनारे सरकार असं म्हनतो. बीडापर्यंत ऐकू जाईल असं म्हनतो. पर पानी त्याचं हाय."

सरकारांचं तोंड काळंठिक्कर पडलं. त्यांनी तिथल्या तिथे त्याच्या हातातली काठी काढून घेतली, डोक्यावरचा मंदील उतरवला. एवढ्यावर थांबते तर बरं होतं. ते म्हणाले, "ज्या आवाजाचा एवढा माज आहे, तो आजपासून या गावच्या शिवेत चढता कामा नये."

आणि त्याने ते मानलं. वाचताना तुम्हाला जसं नवल वाटतंय तसंच आम्हालाही वाटलं. गढीजवळची खोली सुटल्यावर तो माळाच्या कडेला छप्पर घालून राहिला, लोकांची शेरडं राखायला लागला. शेरडं राखायची आणि हाक मारायची नाही! चुकार करडामागे तो म्हातारा मुकाट्याने धावत सुटायचा. पोरं हसायची. मी एकदा तिथे जाऊन म्हणालो, "अहो, इथे माळावर कोण ऐकतंय? मारा की हाक."

"हुकूम सरकारचा हाय, आप्पा. त्यांचं जेवढं हाय तेवढं त्यांना द्यायचं. म्या कुटं त्यांच्याशी भांडलोय?"

पुढच्या वर्षी मानमोडीच्या तापाची साथ आली. घरटी माणूस पडत होता. त्याची बायको दोन दिवसांत गेली.

आमच्या लिंगायतांत पुरतात, त्यांच्यात जाळतात. मी गेलो होतो. त्याने पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन चितेभोवती फेऱ्या मारल्या, मडकं टाकलं, आणि आता रीतीप्रमाणे तोंडावर हात मारून बोंब मारायची होती. त्याने तोंड उघडलं. हात तोंडावर मारला. आवाज नाही. मसणवाटा शिवेच्या आत होता.

"मार की बे!" त्याचा चुलतभाऊ कळवळून ओरडला. "कावून थांबलास? तिला वाटंला लाव."

तो नुसता हात मारत राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, गळ्याच्या शिरा तटतटल्या होत्या, आणि तोंडातून काही नाही. मी आयुष्यात पुष्कळ मर्तिकं पाहिली. एवढं वाईट मला कधीच वाटलं नाही. परत येताना मी सरकारांना शिव्या घातल्या आणि खरं सांगतो, त्यालाही घातल्या.

त्यानंतरच्या पावसाळ्यात, उत्तरा नक्षत्रात, सकाळपासून पावसाने धरलं ते सोडेना. दुपारी मी दुकानाच्या फळ्या लावत होतो आणि माळाकडून आवाज आला. तो कुणाचा हे कळायला मला क्षणही लागला नाही.

"पळा! खालच्या वस्तीचे, माळावर पळा! बांध चाललाऽऽ!"

शेरडांना घेऊन तो वरच्या अंगाला होता. बुजलेल्या सांडव्यापाशी पाणी बांधावरून उतरायला लागलेलं त्याने पाहिलं. धावत जाऊन सांगावं तर वस्ती लांब. पावसाच्या धो धो आवाजात दुसऱ्या कुणाची हाक पोचलीही नसती. तो ओरडतच राहिला. बाया पोरांना काखेत मारून निघाल्या, म्हातारे पाठीवर निघाले, आणि शेवटचा माणूस माळावर चढेपर्यंत त्याने आरोळी थांबवली नाही.

सरकारही घोड्यावरून बांधाकडे आले होते. "दगड टाका, माती टाका, थांबवा ते पाणी," असं गड्यांवर ओरडत होते. मधला बांध त्यांच्या डोळ्यांदेखत खचला. घोडा उधळला, सरकार चिखलात बसले ते बसलेच. कुणाला त्यांच्याकडे बघायला वेळ नव्हता. झोपड्या गेल्या, गुरं गेली, पण माणूस एकही गेलं नाही. संध्याकाळी तलावात नुसता गाळ होता आणि त्यात मासे तडफडत होते.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला आणि चोपदार आपण होऊन गढीच्या दरवाजात आला. दुकानातून उठून मीही गेलो, आणखी पंचवीसतीस माणसं जमली. सरकार पायरीवर बसले होते. कपडे कालचेच.

तो काहीतरी बोलला. कुणालाच कळलं नाही. त्याचा घसा पार फाटला होता. सरकार पायरी उतरून खाली आले आणि त्यांनी त्याच्या तोंडाजवळ कान नेला.

"कसूर झाला, सरकार. शिवेत आवाज चढवला. सजा द्या."

सरकारांनी त्याला खांद्याला धरलं. मग म्हणाले, "सजा कसली रे. त्या पाण्यापुढे माझं काही चाललं नाही. काल पहिल्यांदा कळलं, माझं काहीच नव्हतं त्यात." आणि म्हणाले, "काय हवं ते माग. काठी घे, खोली घे."

"काठी नगं. एक इजाजत द्या."

"कसली?"

"ती गेली तवा बोंब राहिली माझी. ती मारू का?"

सरकारांनी हात जोडले. गढीच्या दरवाजात, सगळ्यांच्या देखत, आपल्या चोपदारापुढे.

तो पुढे फार जगला नाही. छातीतला खोकला गेलाच नाही, आणि हिवाळा सरता सरता तो धर्मापुरीकडे आपल्या बहिणीच्या घरी वारला. मला ते मागाहून कळलं. त्याच्या मरणाला मी नव्हतो, म्हणून माझ्या डोळ्यांपुढे येतो तो हाच दिवस.

गढीतून तो सरळ मसणवाट्याकडे निघाला आणि आम्ही सगळे मागे. पावसाने राखेची जागासुद्धा ओळखू येत नव्हती. अंदाजाने एका जागी तो उभा राहिला. तोंड उघडलं, तोंडावर हात मारला. फुसफुस वारा निघाला. पुन्हा मारला. पुन्हा तेच. होता नव्हता तेवढा आवाज त्याने काल खालच्या वस्तीसाठी घालवला होता.

तेव्हा खालच्या वस्तीतला एक म्हातारा पुढे झाला. त्याची नातवंडं काल वाचली होती. त्याने चोपदाराच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसरा हात तोंडावर मारून बोंब ठोकली. मग त्याचा मुलगा. मग वस्तीतले सगळे बापे. ती बाई यांतल्या कुणाच्या नात्यागोत्याची नव्हती, तरी घरचं माणूस जावं तसे ते ओरडत होते. चोपदार तोंडावरचा हात न काढता ऐकत उभा होता.

सगळं शांत झाल्यावर त्याने माझी बाही ओढली. मी वाकलो.

"तिला ऐकू गेलं असंल का वो, आप्पा?"

एरवी माझी जीभ कुणापुढे अडत नाही. त्या दिवशी मी नुसता त्याचा हात हातात घेतला. सरकार आमच्या मागेच चिखलात अनवाणी उभे होते. मी वाकलो तसे ऐकायला तेही वाकले होते. त्यांनी मान खाली घातली.